शोभाबाईच्या बांधावरची बाभूळ

ह्या भूपेंद्रला थोडी लाज असती, तर मला तोंड उघडावं लागलं नसतं. ट्रॅक्टर घेऊन बांधाशी यायचा, माझ्याच बुंध्याशी लघवीला उभा राहायचा, माझ्याच काडीने दात कोरायचा. मग इकडेतिकडे बघून नांगराचा शेवटचा फाळ हळूच बांधात घालायचा. बांधाची माती उलथून त्याच्या वावरात पडली, की खाली उतरून कमरेवर हात ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायचा, "दखा, ललितनी बांध कोरा!" ललित, त्याचा धाकटा भाऊ, तेव्हा सुरतेत कंपनीत पगारावर. सुरतेतून हात लांब करून तो बांध कसा कोरेल, एवढं तरी त्या माणसाने बोलण्याआधी विचारात घ्यावं की नाही?

मित्रांनो, मी एक जुनी बाभूळ आहे. लोणखेड्याच्या शिवारात, शोभाबाईच्या बांधावरची. उभी होते तेव्हा माझा रुबाब वेगळा होता. आता आडवी आहे. मुळं आभाळाकडे आणि शेंडा चिखलात. पण माझे काटे अजून शाबूत आहेत, आणि जीभही. म्हणून सांगते, ऐका.

माझा जन्म थाटामाटाचा नाही. डोंगराकडून शेळ्यांचा कळप खाली आला. कुठल्याशा शेळीने शेंगा खाल्ल्या आणि बांधावर लेंड्या टाकल्या. त्या लेंडीतून मी उगवले. लेंडीतून उगवले, पण कोणापुढे वाकले नाही. गुडघ्याएवढी झाले तेव्हा वावराचा धनी गिरधर कुदळ घेऊन आला. त्याची बायको शोभाबाई, नवी सून, पदर डोक्यावर घट्ट धरून मागे उभी.

"ऱ्हाऊ द्या तिले," ती म्हणाली. "बांध धरी ठेवी."

"काटा तुन्हा पायमा घुसी, तवय रडजो नको."

"पाय मन्हा शेतस. तुमना काय जास?"

गिरधर हसला आणि कुदळ खांद्यावर टाकून गेला. त्या दिवसापासून मी शोभाबाईची. आमचा स्वभावही एकच निघाला. जवळ येणाऱ्याला सावली, आणि वेडावाकडा हात घालणाऱ्याला काटा.

त्या उन्हाळ्यात दोघा नवराबायकोंनी बांध नव्याने रचला. गोमाई नदीच्या पात्रातून दगड आणि गाळ डोक्यावर वाहून आणला. शोभाबाईच्या डोक्यावरची चुंबळ झिजून गेली. डोंगराकडून उतरत येणारं पाणी वरच्या वावरात अडावं, माती खाली बसावी, आणि जादा पाणी एका टोकाच्या दगडी सांडव्यातून शहाण्यासारखं खाली उतरावं, अशी ती रचना. मी त्या दगडांच्या फटींतून मुळं घातली आणि सगळं घट्ट आवळून धरलं. बांध मला उभी धरायचा, मी बांधाला. त्या घरात पेरणीचा नारळ वावरात फुटत नसे. तो बांधावर फुटायचा, माझ्या बुंध्याशी.

मी फुकट नाही जगले, मित्रांनो. गिरधरच्या बैलांचं जू माझ्या फांदीचं होतं. पेरायची पाभर माझीच. कुंपणाला काटे माझे. शेळ्यांना शेंगा माझ्या. सुगरणींची घरटी माझ्या शेंड्याला लटकलेली, वाऱ्यावर झोके घेणारी. फांदी तोडायची असली तर गिरधर आधी बुंध्यावर हात ठेवायचा. दुपारी भाकरी सोडायला सगळे माझ्याखाली बसायचे.

कापूस वेचायला सातपुड्याच्या वरच्या पाड्यावरून फुलवंताबाई यायची. शोभाबाईच्या वयाची, काटक, आणि तोंडाने तिच्याहून एक घास पुढे. एका दुपारी ठेचा-भाकर खाता खाता शोभाबाईने विचारलं, "फुलवंता, तुन्हं बी वावर शे ना वर? मंग दरसाल आठे कसाले येस?"

"वावर आहे माय, माती नाही," फुलवंता म्हणाली. घरी ती भिली बोलायची, इथे आली की मोडकंतोडकं मराठी. "उतारावरचं वावर. पाऊस येतो, माती खाली निघून जाते. खाली कुठे? तुमच्याकडेच. माझी माती तुमच्याकडे आली, म्हणून मी पण तिच्या मागे मागे आली."

शोभाबाईला इतकं हसू आलं की ठसका लागला. "मंग दगड लाव ना बाई! बांध घाल!"

"दगड कोण लावेल माय? वावर आमचं का जंगलखात्याचं, ते अजून कोणी सांगत नाही. आज दगड लावला, उद्या म्हणतील उठ. दुसऱ्याच्या घराला कोण सारवतं?"

शोभाबाई हसायची थांबली. तिने आपल्या भाकरीतली अर्धी मोडून फुलवंताच्या हातावर ठेवली. मला तेव्हा वाटलं, हे डोंगरातलं दुखणं. आमच्याकडे सातबारा आहे, चावडी आहे, पक्की वहिवाट आहे. आमच्या मातीला कोण उठवणार? फार गुर्मी होती मला.

मग गिरधर वारला आणि दोघा पोरांत वाटणी झाली. माझ्याच सावलीत झाली. शोभाबाईने पदर खोचला आणि हात लांब करून दाखवलं, "डोंगराकडलं वावर भूपेंद्रनं. नदीकडलं ललितनं. मधला बांध मन्हा. बाभूय बी मन्ही. मी जित्ती शे तवलगून बांधले कोणी नांगर लावाना नही."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले. ललित म्हणाला, "आई, बांधवर तू काय पेरशी?"

"तुम्हले पेरं ते पुरं व्हयनं," ती म्हणाली.

हसण्यावारी नेलं त्यांनी. इथेच सगळं बिघडलं. बांध आईचा आहे, हे दोघांनी ऐकलं आणि दोघेही विसरले. भूपेंद्रला बांधापलीकडे ललित दिसायचा, ललितला भूपेंद्र. मधली आई कोणाला दिसली नाही.

बैल विकले. बैल बांधाशी आला की आपल्या पायावर वळतो. ट्रॅक्टरला वळायला मैदान लागतं. भूपेंद्र वरून कोरायला लागला, दरसाल नांगराचं एक तास. त्याने वावरात ऊस घातला, उसावर पुन्हा ऊस. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या वाटेला गाड्या लागल्या की त्याची छाती फुगायची. पाणी इतकं पाजलं की काळ्या जमिनीवर पांढरा खार फुटला. ऊस तुटला की मागे पाचट उरतं. ते वेचून कुजवलं असतं तर मातीच्या पोटात गेलं असतं. त्याने काडी लावली.

ती आग मी विसरणार नाही. वारा बांधाच्या दिशेने होता. पाचट कडाडत पेटलं आणि जाळ माझ्या अंगावर चढला. साल तडकली. डिंक उकळून बाहेर आला. सुगरणींची घरटी एकेक करून भपकन पेटली. पिल्लं आतच होती. आया वर घिरट्या घालत होत्या आणि धुरात पडत होत्या. शोभाबाई घागर घेऊन धावत आली. अनवाणी, जळत्या जमिनीवरून.

"मेल्या, बाभूय जळस! मानूस शे का राक्षस?"

"आई, बोंबलू नको," भूपेंद्र म्हणाला. "पाचट वेचाले मानसं कोठून आणू? डोंगरवाला समदा गुजरातमा चालना ग्यात. तूच वेच, मी काडी लावाव नही."

खोटं नव्हतं त्याचं. फुलवंताची पोरं खरंच तिकडे गेली होती, जिथे रोज जास्त मिळतो. पण खरं बोलणारा माणूस शहाणा असतोच असं नाही. माझी अर्धी बाजू त्या दिवशी कोळसा झाली. दुसऱ्या अर्ध्या बाजूने मी पालवी काढली. हट्टीच मी.

खालच्या अंगाला तरी सुख होतं का? ललितने आपलं वावर मक्त्याने दिलं नवनीतला, एका सालाच्या बोलीवर. पपई लावायला. नवनीत माणूस कामसू, गोड बोलणारा. पण त्याने बांधाच्या पायथ्याची माती खरवडून पपईच्या वाफ्यांना घातली, आणि सांडव्याचे दगड काढून पंपाखाली बसवले. शोभाबाईने त्याला भर उन्हात धरलं.

"नवनीत, पाया काढी लिधा तू बांधना! भीत पडी तुन्हा आंगवर."

"मावशी, मन्हा करार यंदाना. पुढला साली हाई वावर कोनाकडे जाई, देवले ठाऊक. मी बांध बांधू, आनि पपई दुसरा खाई?"

फुलवंताचंच बोलणं. डोंगरातलं बोलणं सपाटीवर येऊन पोचलं होतं, आणि चांगले कपडे घालून बोलत होतं.  मी समजले. वर भूपेंद्र कोरतोय, खाली नवनीत खरवडतोय. ज्या बांधावरून पूर्वी बैलजोडी जायची, त्यावरून आता शेळी जपून पाय टाकायची. माझी मुळं दोन्हीकडून उघडी, म्हातारीच्या हातावरच्या शिरांसारखी.

मग ते घडलं. नवनीतने ललितला फोन केला की तुझा भाऊ बांध खातोय. ललित सुरतेहून आला, खिशात मोजायचा टेप, डोळ्यांवर काळा चष्मा. भूपेंद्र वावरात पहारीने पाइपलाइन उकरत होता.

"या, सुरतना साहेब!" तो ओरडला. "बांध मोजाले उनात का बापले मोजाले?"

"मोजसू आनि दखाडसू. दरसाल कोरस तू. चोर!"

"चोर कोनले म्हनस? पाया कोनी काढा खालतून? मी काढा का तुन्हा मक्तेदारनी?"

"आते तोंड सांभाय, भूपेंद्र."

"भाऊ म्हन! लहान शे तू!"

ललितने टेप फेकला आणि फावडं उचललं. पहिला घाव फावड्याचा, भूपेंद्रच्या खांद्यात. रक्त उडून माझ्या बुंध्यावर आलं, अजून डाग आहे. भूपेंद्रने जनावरासारखा आवाज काढला आणि ललितला माझ्या खोडावर दाबला. माझे काटे त्याच्या पाठीत घुसले. मी ते आवरू शकले नाही. दोघे उघड्या मुळांवर पडले, उठले, पडले. माती दोघांच्या तोंडात. भूपेंद्रने पहार उचलली. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर.

शोभाबाई भाकरी घेऊन येत होती. तिने टोपली टाकली आणि मधे घुसली. उजवा हात वर केला, तिच्या धाकट्याच्या डोक्यावर.

पहार त्या हातावर आली. माझी फांदी मोडताना होतो ना, तसा आवाज झाला. मित्रांनो, मी खूप फांद्या गमावल्या आहेत. तसा आवाज परत कधी ऐकू नये.

ती माझ्या बुंध्याशी टेकून बसली, आणि आपल्या लोंबत्या मनगटाकडे दुसऱ्याच कोणाचं असावं तसं बघत राहिली. दोन्ही पोरं तिथेच उभी, हातातली हत्यारं टाकायचीही शुद्ध नाही.

तिला दवाखान्यात नेलं, हाताला प्लास्टर घातलं, आणि ती काही दिवस बहिणीकडे राहिली. इकडे गावातली चार शहाणी माणसं माझ्या सावलीत जमली. दोघा भावांना समोरासमोर बसवलं. आणि काय न्याय केला ऐका. म्हणाले, भांडणाचं मूळ हा बांध. बांधच नको. सिमेंटचे खांब रोवा, तार ओढा, हद्द नीट सरळ. कोणी कोरणार नाही, कोणी भांडणार नाही. दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले. पेढे वाटले. बांध कोणाचा हे कोणी विचारलं नाही. जिचा होता ती प्लास्टरात होती.

जेसीबी आला. त्या यंत्राला चेहरा नसतो, नुसते दात. गिरधर आणि शोभाबाईने डोक्यावर वाहिलेले दगड त्याने एका एका घासात उपटले आणि खडखड ट्रॉलीत टाकले. मग माझ्याकडे वळला. आधी मुळं तोडली, करकर, तटतट. मी धरून ठेवलं, जेवढं धरता आलं तेवढं. मग त्याने बुंध्याला दात लावले आणि ढकललं. मी पडले तेव्हा जमीन हादरली. जाड फांद्या करवतीने कापून कोणी कोणी सरपणाला नेल्या, काटेरी शेंडा तसाच राहिला. खोड उचललं गेलं नाही, म्हणून ते कडेला लोटून दिलं. मी तिथून बघत होते. खांब उभे राहिले, तार ताणली. लग्नातल्या नवरीच्या भांगासारखी सरळ हद्द. भूपेंद्र तारेला हात लावून म्हणाला, "आते कटकट मिटनी."

श्रावणात डोंगरावर ढग फुटला. पाणी नेहमीच्या वाटेने खाली आलं आणि त्याने बांध शोधला. सापडला नाही. सांडवा शोधला, तोही नाही. मग पाण्याने स्वतःची वाट केली. वरच्या वावरातली काळी माती उचलली, ऊस मुळासकट आडवा केला, आणि खालच्या पपईवर धावून गेलं. पपईची झाडं माना मोडून पडली. नदीकडच्या टोकाला जमीन फाटली, आणि ती फट वर वर सरकत आली, भिंत ढासळत, गडगडत, थेट भूपेंद्रच्या वावरापर्यंत. गढूळ काळं पाणी गोमाईत उड्या घेत होतं. पाऊस थांबला तेव्हा दोन्ही वावरांच्या मधून एक घळ गेली होती, माणूस उभा बुडेल एवढी. तळाला पिवळा मुरूम. आणि ते सिमेंटचे खांब? ते तारेला धरून घळीवर अधांतरी लटकत होते, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. हद्द मात्र सरळ होती हो!

नवनीत आला, बघितलं, आणि त्याने दुसऱ्या गावात वावर बघायला सुरुवात केली. त्याचा करारच यंदाचा.

शोभाबाई आली. प्लास्टर निघालं होतं. घळीच्या काठाने चालत माझ्यापाशी आली आणि माझ्या खोडावर बसली. तिच्याबरोबर फुलवंता होती, डोंगरातून कांद्याच्या कामाला उतरलेली. 

मग फुलवंता हळूच म्हणाली, "माय, माझी माती गेली, तिच्या मागे मी इथे आली. आता तुमची पण गेली. तिच्या मागे तुम्ही कुठे जाणार?"

यावेळी हसलं कोणी नाही.

मित्रांनो, मी झाड आहे, मला पाय नाहीत. पण माती चालते हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती कोणी एक चोर नेत नाही. एक भाऊ वरून कोरतो, दुसरा परगावाहून मक्त्याने देतो, तिसरा एका सालापुरता पिळून घेतो, चौथे शहाणे पेढे खाऊन निवाडा करतात. आणि वर डोंगरात, वावर आपलं की परक्याचं हे न कळल्याने, फुलवंतासारख्या बिचारीने दगडच लावलेला नसतो. प्रत्येकाजवळ कारण असतं, आणि कारण बोलायला बरंही वाटतं. तुमच्या घरी बांध असेल, तर त्याला कोणाच्याही वाट्याला टाकू नका. त्याला म्हातारीसारखा सांभाळा. आणि त्यावर एखादी काटेरी पोर उगवली, तर कुदळ परत न्या.

आता शेवटचं. त्याच आठवड्यात कानबाईचा सण आला. खानदेशात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, भाऊबंद सगळे एका घरी येतात. घरातल्या हरेक पुरुषाच्या नावाने गहू मुठीने मोजायचे, सव्वा मूठ. बायकांच्या नावाने मूठ नाही, मोजायला मात्र घरातली मोठी बाई. गिरधरच्या घरी ती मूठ नेहमी शोभाबाईची. तिने मोजल्याशिवाय जात्यात दाणा पडत नसे.

भूपेंद्र तिला शोधत वावरात आला. ललित मागे, सुरतेहून मुद्दाम सुटी काढून. भूपेंद्र माझ्यापाशी थांबला. सवयीने माझी काडी मोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आई, घर चाल," तो म्हणाला. "रोटना गहू मोजना शेतस. समदा भाऊबंद येल शेतस. तुन्हा बिगर मूठ कोन भरी?"

शोभाबाईने उजवा हात त्याच्यासमोर धरला. बोटं वळवायचा प्रयत्न केला. अंगठा हलला, बोटं अर्ध्यात थांबली. मूठ झाली नाही. भूपेंद्र खाली बघायला लागला.

"खाले नको दखू. आठे दख," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "ललितना बांध नही कोरा तू. भूपेंद्रना बांध नही कोरा त्यानी. बांध मन्हा व्हता. दोन्ही जनस्नी माय कोरी."

"आई, चूक व्हयनी..."

"मन्हं व्हयनं नही आजून. तुन्हा बाप आनि मी, गोमाईमातून डोकावर माती आनी व्हती. टोपलीवर टोपली. आते तू आन. ट्रॅक्टर नही, जेसीबी नही, मजूर नही. डोकावर. तुन्हासंगे हाऊ सुरतना साहेब बी. जवय हाई घळ भरी, दगड लागतीन, बांध उभा ऱ्हाई, तवय हाई मूठ वळी का नही ते मी दखसू. तवलगून कानबाईपुढे तुन्हा नावना एक दाना बी पडाव नही. जाय, भूपेंद्र. टोपली लई ये."